ॲप्टिट्यूड म्हंजी काय, दादा?

मित्रांनो, आधी माझाच गुन्हा सांगतो. बाकीच्यांचे नंतर.

गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागला त्या दिवसांतली गोष्ट. वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही चार-पाच जण संध्याकाळी अभ्यासिका चालवतो. एक ट्यूबलाइट, दोन सतरंज्या, भिंतीवर बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीमाई आणि अण्णाभाऊ. एक मुलगी मार्कलिस्ट घेऊन आली. बरोबर तिची आई. आई केरसुण्या बांधते आणि बाजाराच्या दिवशी विकते. पोरीला मराठीत, इतिहासात चांगले मार्क. गणितात काठावर. आणि पोरीला घ्यायचं होतं सायन्स. मी कागदावरून नजर फिरवली आणि डॉक्टरनं चिठ्ठी खरडावी तसं एका दमात सांगून टाकलं, "अक्का, हिचा ॲप्टिट्यूड आर्ट्सचा आहे. सायन्स झेपायचं नाही."

अक्का म्हणाली, "आपटी... काय म्हनलासा? म्हंजी काय, दादा?"

मी म्हणालो, "म्हणजे नैसर्गिक कल. जन्मापासून अंगात असलेला गुण."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "म्हंजी हिच्या अंगात गनित न्हाई, का हिला गनित कुनी शिकिवलंच न्हाई? दोन वरीस साळंला गनिताचा मास्तर न्हवता."

मी गप्प. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मी मनूचं काम केलं होतं. फक्त शब्द इंग्रजी वापरला होता.

म्हणून हा लेख. पुस्तकांची समीक्षा आपण करतो, या वेळी एका शब्दाची करू. कारण पुस्तकं फार थोडे वाचतात, पण हा शब्द शाळेच्या स्टाफरूममध्ये, भरतीच्या जाहिरातीत, क्लासच्या बोर्डावर आणि मासिकांतल्या परीक्षणांतही बसलेला आहे. आणि आता आपल्या तोंडातही.

१

त्या रात्री घरी येऊन डिक्शनरी काढली. ॲप्टिट्यूड या शब्दाचं मूळ लॅटिन. 'आप्टस' म्हणजे नीट बसणारं, जुळणारं, एकाला एक जोडलेलं. बिजागरी दाराला बसते तसं. मुळात त्यात जन्माचा, रक्ताचा संबंध नाही. एक वस्तू दुसरीला बसते की नाही, एवढाच प्रश्न. 'आहे निसर्गाचीच देणगी' हा अर्थ त्याला पुढे चिकटला.

याच मुळातून आलेला दुसरा शब्द आपल्या पोरांना चांगला ठाऊक आहे, ॲटिट्यूड. इटलीतले चित्रकार आणि शिल्पकार आकृतीच्या ठेवणीला, उभं राहण्याच्या ढबीला जो शब्द वापरत, तो इंग्रजीत येऊन ॲटिट्यूड झाला. म्हणजे दोघं सख्खे भाऊ. आता गंमत बघा. आपलं पोरगं वर्गात मागं पडलं की म्हणतात, याला ॲप्टिट्यूड नाही. तेच पोरगं मान वर करून प्रश्न विचारायला लागलं की म्हणतात, याला फार ॲटिट्यूड आहे. एका आईच्या पोटचे दोन शब्द, आणि दोन्ही आपल्याच पाठीवर.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. इंग्रजीत टॅलेंट हा शब्द एकटा उभा राहतो. तो माणूस टॅलेंटेड आहे, विषय संपला. ॲप्टिट्यूड शक्यतो एकटा राहत नाही. त्याच्या मागून 'फॉर' येतो. कशासाठी ॲप्टिट्यूड? गणितासाठी, संगीतासाठी, यंत्रासाठी. म्हणजे या शब्दात नेहमी दोन बाजू असतात. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला काम. माणूस कामाला बसतो की नाही हे बघायचं. पण काम कुणी ठरवलं, ते कुणाच्या मापानं बेतलं, हे कोणी बघत नाही. जोडा पायाला लागत नसेल तर चूक पायाचीच, असा सगळा कारभार.

आपल्या मराठीत याला कल म्हणतात, पिंड म्हणतात, उपजत गुण म्हणतात. सरकारी मराठीत अभियोग्यता, अभिक्षमता. २०१६ पासून काही वर्षं आपल्या राज्यात दहावीच्या मुलांची 'कल चाचणी' घेतली गेली. २०१७ साली शिक्षक भरतीसाठी 'शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी' आली. यातला 'कल' हा शब्द मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. कल म्हणजे उतार, झुकाव. पाणी उताराकडं जातं हे खरं, पण म्हणून उतार हा पाण्याचा गुण होत नाही. तो जमिनीचा असतो. आणि आपल्या गावात जमीन कुणाची, हे मी तुम्हाला सांगायला नको.

२

आता वापर बघू. शब्दाचा खरा अर्थ कोशात कमी आणि वापरात जास्त असतो.

मी सहावीत असताना शाळेत २६ जानेवारीची प्रभातफेरी निघायची होती. सरांनी माझ्या हातात हलगी दिली. म्हणाले, "तू वाजव. तुमच्या तर रक्तातच आहे." मी मांगाचा पोरगा, हे खरं. पण मी जन्मात हलगीला हात लावला नव्हता. माझ्या आज्याने आयुष्यभर वाजवली, आणि माझ्या बापाने ती एक दिवस माळ्यावर टाकली. हे वाजवून दारोदार भाकर मागायची नाही, म्हणाला. तेव्हा माझ्या रक्तात काय होतं ते रक्तालाच माहीत. मी वाजवली ती सगळी बेताल. पोरं हसली. सर म्हणाले, "ह्याच्यात काय उतरलंच नाही."

त्याच फेरीत एक पोरगा तबला वाजवत होता. चार वर्षं तो तालुक्याला शिकवणीला जायचा. त्याचं कौतुक झालं ते असं, "केवढा रियाज आहे पोराचा!"

बघा हं. त्याचा रियाज, आणि आमचं रक्त.

माझा आजा हलगी कशी शिकला, हे मी नंतर त्याला विचारलं. सात वर्षांचा असल्यापासून चुलत्याच्या मागं हिंडायचा. हलगीला हात लावायची परवानगी नव्हती, तर पत्र्याच्या डब्यावर बोटं आपटायचा. कातडं विस्तवावर किती शेकायचं, केव्हा ओढायचं, पावसाळ्यात ते ढिलं पडलं की काय करायचं, उजव्या हातातली जाड काडी आणि डाव्या हातातली बारीक काडी एकमेकींशी कशा बोलतात, लग्नाचा ताल वेगळा, जत्रेचा वेगळा, मयताचा वेगळा. हे सगळं शिकायला त्याला दहा-बारा वर्षं लागली. चुकला की चुलता काडीनं बोटांवर मारायचा. याला रियाज म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? पण गावाच्या लेखी ते रक्त. आणि रक्तातून आपोआप येणाऱ्या गोष्टीची मजुरी कोण देतो? झऱ्याच्या पाण्याचे पैसे कोण देतो? ॲप्टिट्यूड नैसर्गिक ठरला की मेहनत पुसली जाते, आणि मेहनत पुसली की मोल पुसलं जातं. आज्याला मिळायचं शिळं तुकडं आणि नारळाचं भकल.

आता वहीचं दुसरं पान उलटा. परीक्षेला तोच तबलावाला पोरगा पहिला येतो. तेव्हा मात्र त्याच्या शिकवण्या, घरातलं टेबल, बापाची पुस्तकं, आईनं घेतलेला पाढा, यातलं काही निघत नाही. तेव्हा म्हणतात, उपजतच हुशार. आणि आपला पोरगा मार्क घेऊन आला तर म्हणतात, सवलत.

म्हणजे हिशेब असा. कष्ट कमी मोलाचे ठरवायचे असतील तिथं आम्ही नैसर्गिक. खुर्ची द्यायची असेल तिथं ते नैसर्गिक. एकच शब्द, दोन तराजू.

३

हा दुहेरी हिशेब आजचा नाही. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावच्या लढाईत महार शिपाई लढले. स्तंभावरची नावं तुम्ही दरवर्षी वाचता. तेव्हा त्यांच्यात लढण्याचा गुण होता, असं इंग्रज सरकारचंच म्हणणं. पुढे १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच सरकारनं महारांची सैन्यभरती बंद केली. कारण दिलं 'लढाऊ जातीं'चं. काही जाती जन्मतः लढाऊ, काही नाहीत, असा सिद्धांत. गोपाळबाबा वलंगकरांनी, जे स्वतः सैन्यातून निवृत्त झाले होते, १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडली, १९१७ ला महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडली. दुसरं महायुद्ध आलं, ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

आता मला सांगा, रक्त किती वेळा बदललं? सव्वाशे वर्षांत निसर्गानं आमच्यात लढण्याचा गुण घातला, काढला, घातला, काढला, परत घातला? निसर्ग जागच्या जागी होता. सरकारची गरज बदलत होती. गरज असली की ॲप्टिट्यूड, गरज सरली की नाही.

याचीच दुसरी बाजू १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. सुताराचा पोर सुतार, तसा चोराचा पोर चोर, या तर्कावर इथल्या कैक भटक्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. हजेऱ्या, तारेची कुंपणं, पासाशिवाय गाव सोडायचं नाही. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, १९५२ ला कायदा रद्द झाला, शिक्का मात्र राहिला. जातिव्यवस्थेचा तर्क इंग्रजाला आयता मिळाला आणि त्याने त्याला शास्त्राचा कोट चढवला. जन्मानं गुण येतो, हे एकदा मान्य केलं की जन्मानं गुन्हाही येतो. हे दोन मान्य करणारे लोक वेगळे नसतात.

४

कोट चढवण्याचं काम पुढे अमेरिकेत जोरात झालं. १९२६ साली तिथं कॉलेजप्रवेशासाठी एक परीक्षा सुरू झाली, स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट. सॅट म्हणतात ती. ती बनवणारा कार्ल ब्रिघम. याच गृहस्थाने १९२३ मध्ये अमेरिकनांच्या बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहिलं होतं. सैन्यातल्या चाचण्यांचे आकडे मांडून त्यानं सांगितलं की उत्तर युरोपातली गोरी माणसं जात्याच वरचढ, बाकीचे गोरे खाली, काळे त्याहून खाली. आपल्याकडे चार वर्ण, त्याच्याकडेही उतरंडच.

पण १९३० साली याच ब्रिघमनं जाहीर लिहून टाकलं की आपले निष्कर्ष निराधार होते. त्या चाचण्यांत माणसाची भाषा, शाळा, घर हे सगळं मिसळलेलं होतं, जन्मजात असं काही वेगळं काढून मोजलेलंच नव्हतं. माणसानं चूक कबूल केली, पण परीक्षा राहिली, नावही राहिलं. शेवटी १९९० च्या दशकात परीक्षा घेणाऱ्यांनीच नावातला 'ॲप्टिट्यूड' काढून टाकला. आता सॅट म्हणजे नुसतं सॅट, त्या अक्षरांचा काही अर्थ नाही. ज्यांनी शब्दाचं दुकान टाकलं त्यांनी पाटी उतरवली. आपल्याकडे मात्र २०११ ला केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत 'सीसॅट' नावानं ती पाटी लागली. हिंदी आणि प्रादेशिक भाषांतल्या मुलांना त्यातलं इंग्रजी आणि इंग्रजीवरून केलेलं अगम्य भाषांतर आडवं आलं. २०१४ ला मुलं रस्त्यावर आली. २०१५ पासून तो पेपर फक्त तेहतीस टक्क्यांनी पास होण्यापुरता उरला. चार वर्षं ज्यांच्यात प्रशासनाचा ॲप्टिट्यूड नव्हता, त्यांच्यात तो एका सरकारी आदेशानं आला म्हणायचा.

यातली खरी मेख कुठं आहे ती सांगतो, कारण अभ्यासिका चालवणाऱ्या प्रत्येकाला ती कळली पाहिजे. आज एखाद्याला काय येतं, ते आपण तपासू शकतो. त्यानं आतापर्यंत काय शिकलंय, तेही तपासू शकतो. ॲप्टिट्यूड हा शब्द मात्र उद्याबद्दल बोलतो. शिकवलं तर याला येईल का, असा तो प्रश्न. आणि कागदावरची कुठलीही परीक्षा कालचंच मोजते. कालचं मोजून उद्याचा निकाल द्यायचा, ही या शब्दातली लबाडी. ज्याच्या वाट्याला काल शाळा आली, पुस्तक आलं, मास्तर आला, त्याचा काल भक्कम. ज्याच्या शाळेला दोन वर्षं गणिताचा मास्तरच नव्हता, तिचा काल कोरा. आणि आपण कोऱ्या पाटीला नापास करतो.

केरसुणी बांधणाऱ्या अक्काला हे एका वाक्यात कळलं होतं. मला डिक्शनरी उघडावी लागली.

५

बाळू पळवणकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८७६, धारवाडचा, चांभार समाजातले. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदान राखायचे. रोलर फिरवायचा, जाळी बांधायची. मोकळ्या वेळात साहेबांना सराव हवा म्हणून त्यांना चेंडू टाकायला सांगितलं. तास न् तास, महिनोन् महिने चेंडू टाकले. त्यातून डावखुरा फिरकी गोलंदाज तयार झाला, असा की हिंदू संघाला त्यांना घ्यावंच लागलं. मैदानावर चेंडू शिवलेला चाले, चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ ला भारताचा संघ इंग्लंडला गेला, तिथं त्यांनी ११४ बळी घेतले. एवढं करूनही हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. ते १९२३ ला त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पडले. तो हिशेब वेगळा, इथं काढत नाही.)

त्यांच्या आठवणीतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पुण्याच्या त्या क्लबात त्यांनी साहेबांना हजारो चेंडू टाकले, पण बॅट हातात एकदाही दिली गेली नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी नोकराची.

आता एखादा म्हणेल, बाळूंचा नैसर्गिक कल गोलंदाजीचा होता. असेलही. पण कशावरून? बॅट कधी हातात दिली होती? दिली नाही, तर फलंदाज नव्हते हे कुणी ठरवलं? या एका प्रश्नावर सगळा ॲप्टिट्यूड उभा आहे आणि सगळा आडवा होतो. कल बघायचा असेल तर आधी दोन्ही वस्तू हातात द्याव्या लागतात, तेही पुरेसे दिवस. त्याशिवाय जे दिसतं तो माणसाचा कल नसतो, मालकाच्या सोयीचा असतो.

६

आता साहित्याकडे येतो, कारण आपलं हे मासिक साहित्याचं आहे आणि हा शब्द तिथंही वेश बदलून आहे. तिथं त्याला प्रतिभा म्हणतात.

जुने काव्यशास्त्री या बाबतीत आजच्या परीक्षणकारांपेक्षा बरे होते, असं म्हणायची पाळी आली आहे. दंडीनं 'काव्यादर्शा'त कवीसाठी तीन गोष्टी सांगितल्या. नैसर्गिक प्रतिभा, पुष्कळ अध्ययन, आणि न कंटाळता केलेला अभ्यास. आणि लगेच असंही मान्य केलं की पूर्वसंस्कारातून येणारी ती प्रतिभा नसली तरी अध्ययनानं आणि यत्नानं वाणी थोडी तरी प्रसन्न होतेच. मम्मटानंही शक्ती, निपुणता आणि अभ्यास असे तीन धागे एकत्र वळले. यातला 'पूर्वसंस्कार' म्हणजे मागच्या जन्माचा मामला, तो आपल्याला मंजूर नाही. आणि अध्ययनाचे दरवाजे कुणाला बंद होते हेही आपण विसरत नाही. पण निदान त्यांच्या तराजूत तीन वजनं होती.

दलित लेखकाचं पुस्तक आलं की परीक्षणकार यातलं एकच वजन ठेवतात. लेखन आवडलं तर म्हणतात, उत्स्फूर्त आहे, जातिवंत आहे, मातीतून उगवलं आहे. नाही आवडलं तर म्हणतात, अनुभव आहे पण कलेची जाण नाही. दोन्हींचा अर्थ एकच. या माणसानं लेखनाचं काम केलेलं नाही. त्याला ते झालं, जसं पाऊस पडला की गवत होतं.

अण्णाभाऊंचंच बघा. 'दीड दिवसाची शाळा' हे त्यांच्या नावामागं असं चिकटवलं आहे की आपणही जयंतीला १ ऑगस्टला स्टेजवरून तेच ओरडतो. दीड दिवस शाळा आणि तीसहून जास्त कादंबऱ्या, केवढी उपजत प्रतिभा! टाळ्या. पण शाळा दीड दिवसाची म्हणजे शिक्षण दीड दिवसाचं होतं का? वाटेगाव सोडून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला पोरगा दुकानाच्या पाट्यांवरून, सिनेमाच्या पोस्टरांवरून अक्षरं लावतो. मिळेल ती मजुरी करतो, गिरणीत खपतो, कामगारांच्या सभांत ऐकतो, वाचतो. १९४४ ला अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लालबावटा कलापथक उभं करतो, हजारो माणसांसमोर रोज आपलं वाक्य तपासतो. कुठल्या ओळीला माणूस हलतो, कुठल्या ओळीला बिडी पेटवतो, हे डोळ्यांनी बघतो. ही त्यांची निपुणता आणि हाच त्यांचा अभ्यास. मग १९५९ ला 'फकिरा' येते, आणि १९६१ ला तिला राज्य पुरस्कार मिळतो. वीसेक वर्षांची उमेदवारी आहे ही. कुठल्या विद्यापीठात एवढी कडक उमेदवारी असते?

'दीड दिवसाची शाळा' म्हणून आपण त्यांचा गौरव करायला जातो आणि माझ्या आज्याचं केलं तेच अण्णाभाऊंचं करून बसतो. मेहनत पुसून रक्त दाखवतो. ज्यानं शाळेतून पळायची वेळ आणली त्या व्यवस्थेला सोडून देतो, वर त्या घटनेलाच चमत्काराची शोभा आणतो. यातून नव्या पोराला काय शिकायला मिळतं? एवढंच की असली तर आहे, नसली तर नाही. तो चार कविता लिहितो, फाटतात, आणि म्हणतो आपल्यात नाही. त्याला कुणी सांगतच नाही की अण्णाभाऊंनीही फाडल्या असतील.

आपल्यातले काही कार्यकर्ते हल्ली अभिमानानं म्हणतात, गाणं आमच्या रक्तात, वाद्य आमच्या रक्तात, खेळ आमच्या रक्तात. मित्रांनो, सांभाळून. आज वाद्य रक्तात आहे म्हणाल तर उद्या झाडूही रक्तात आहे हे ऐकायची तयारी ठेवा. ज्या वहीत पहिलं लिहिलंय त्याच वहीत दुसरं आहे.

७

मग हा शब्दच फेकून द्यायचा का? माझं पहिलं मत तेच होतं. मग मी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' परत काढलं आणि थांबलो. कारण हा शब्द बाबासाहेबांनी वापरला आहे. आपल्या बाजूनं.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं ते भाषण. मंडळानं परिषदच रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चानं छापलं. जात म्हणजे श्रमविभागणी, असं म्हणणाऱ्यांना ते तिथं उत्तर देतात. ते म्हणतात, ही नुसती श्रमाची विभागणी नव्हे, श्रम करणाऱ्या माणसांचीही विभागणी आहे. शिवाय ती माणसाच्या नैसर्गिक ॲप्टिट्यूडवर आधारलेली नाहीच. ती आईबापाच्या सामाजिक दर्जावर, जन्माच्याही आधी ठरलेली आहे. माणसाला आपली कुवत वाढवता आली पाहिजे, आपलं काम निवडता आलं पाहिजे, आणि उद्योग बदलले की काम बदलता आलं पाहिजे. जात नेमकं हेच करू देत नाही. म्हणून लोक नको असलेल्या कामाला जुंपले जातात, मन नाही आणि डोकंही नाही.

ज्यांना वाटतं गुणकर्मानुसार चातुर्वर्ण्य चालेल, त्यांनाही ते सोडत नाहीत. प्लेटोचं उदाहरण घेतात. त्यानं माणसांचे तीन वर्ग पाडले. पण माणसांतले फरक तीन-चार खणांत मावतच नाहीत, प्रत्येक माणूस वेगळा, आणि एकाच माणसात नाना प्रवृत्ती. गांधीजींनी १९३६ ला 'हरिजन'मध्ये वडिलोपार्जित धंद्याचा कैवार घेतला, तेव्हा १९३७ च्या आवृत्तीत बाबासाहेबांनी सरळ विचारलं की तो धंदा माणसाच्या कुवतीला जुळत नसला तरी करायचा का? आणि वाण्याच्या घरात जन्मलेले महात्माजी स्वतः बॅरिस्टर कसे झाले?

माणसं सारखी नसतात, हे बाबासाहेब नाकारत नाहीत. पण फरक कुठून येतात ते ते वेगळे काढतात. शरीराचा वारसा एक. घर, शिक्षण, जमवलेलं ज्ञान असा समाजाकडून मिळालेला वारसा दोन. आणि स्वतःचे कष्ट तीन. कष्टातल्या फरकानं वेगळं वागवा, हरकत नाही. पण पहिल्या दोहोंतल्या फरकावरून वागवाल तर निवड लायकांची होणार नाही, आधीच ज्यांच्याकडे सगळं आहे त्यांची होईल. तेव्हा शर्यत सुरू होताना सगळ्यांना शक्य तेवढं एका रेषेवर आणा. हे त्यांनी १९३६ ला सांगितलं. २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात म्हटलं की मेरिट म्हणजे नुसते परीक्षेतले मार्क नव्हेत. शहाऐंशी वर्षं लागली.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. शब्द टाकायचा नाही, त्याची दिशा फिरवायची. वर्गातल्या सरांच्या तोंडी तो माणसाला काम नाकारण्यासाठी येतो. बाबासाहेबांच्या हाती तो व्यवस्थेला जाब विचारण्यासाठी येतो. या माणसाची कुवत काय, हे कळण्याइतकी संधी तुम्ही त्याला कधी दिली होती का? हा त्यांचा प्रश्न. ॲप्टिट्यूड एकेका माणसाचा विचारावा. जातीचा, वस्तीचा, आडनावाचा विचारू नये. आणि विचारायच्या आधी बॅट हातात द्यावी.

८

आता कामाचं बोलतो.

अभ्यासिकेत बसणाऱ्या प्रत्येकानं हे शब्द तोंडातून काढायच्या आधी दहा आकडे मोजावेत, 'याचा कल नाही', 'हिला झेपणार नाही'. आधी विचारा, शाळेला मास्तर किती दिवस होता? घरी उजेड किती वाजेपर्यंत असतो? ही पोरगी पाणी कुठून भरते? याची उत्तरं मिळाली की ॲप्टिट्यूडच्या निम्म्या केसेस तिथंच निकाली निघतात. उरलेल्या निम्म्यांना शिकवा. शिकवून बघितल्यावर बोला.

लिहिणाऱ्यांनी आपल्या मेहनतीचा हिशेब उघड सांगावा. कविता किती वेळा फाडली, काय वाचलं, कुणी दुरुस्त केली. हे सांगण्यात कमीपणा नाही. ज्याला रियाज करता येतो त्यालाच रियाज सांगता येतो. आणि अण्णाभाऊंवर भाषण करणाऱ्यांनी यंदा दीड दिवसाच्या शाळेचं वाक्य गाळून पुढच्या वीस वर्षांबद्दल बोलावं.

ती पोरगी? दुसऱ्या दिवशी मी अक्काच्या घरी गेलो. म्हणालो, "अक्का, मी चुकलो." ती केरसुणी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "चुकला न्हवं? मग आता गनित शिकवा." पोरीनं सायन्स घेतलं. आमच्यातला एक जण आयटीआयला शिकवतो, तो रोज तासभर तिला आणि आणखी सहा जणांना गणित शिकवतो. आठवीपासूनचं सुरू केलं, कारण खड्डा तिथून आहे. पहिल्या चाचणीत ती नापास झाली. दुसरीत पास झाली, काठावर. पुढचं मला माहीत नाही.

कदाचित दोन वर्षांनी ती स्वतःच म्हणेल, दादा, मला इतिहासच बरा. तेव्हा तो तिचा कल असेल. तिनं स्वतः पारखून घेतलेला. तो मी मान्य करीन.

जय भीम.